आधी खोली ऐक, मग माइक लाव

पोरी, नवा माइक घ्यायचा विचार थोडे दिवस बाजूला ठेव. डोंबिवलीतल्या तुझ्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत मधोमध उभी राहा, पंखा बंद कर, खिडकी लाव आणि एक खणखणीत टाळी वाजव. टाळीच्या पाठोपाठ बारीक थरथरता ‘टर्रर्र’ असा आवाज येईल, तो नीट ऐक. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती एकच आवाज एकमेकींकडे फेकत राहतात, त्याचा तो परिणाम. दहा फूट जाऊन परत यायला ध्वनीला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. म्हणून तो प्रतिध्वनी वेगळा कळत नाही, मूळ आवाजालाच पत्र्याची झाक येते. तू गिटार वाजव, गुणगुण, डफ वाजव, ही झाक त्यावर बसणारच.

‘लो-फाय म्हणजे मुळातच मळका आवाज, मग खोली कशीही चालते,’ असं तुझ्या वयाची पुष्कळ मुलं म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. लो-फाय करणाऱ्यालाच खोलीची काळजी जास्त घ्यावी लागते, आणि त्याला कारणं आहेत.

तुम्ही रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं पुढे काय करता ते बघ. आधी कॉम्प्रेसर लावता. तो मोठा आवाज दाबतो आणि मग सगळ्यालाच वर उचलतो, त्यामुळे गाण्याखाली लपलेली खोली उघडी पडते. फ्रिजची घरघर, भिंतीवरून आलेली गुंज, खुर्चीची करकर, सगळं पुढे येऊन बसतं. मग सॅच्युरेशन लावता, ते त्या घाणीत आणखी भर घालतं. शेवटी फिल्टर लावून वरचे स्वर कापता, म्हणजे आवाज जुन्या रेडिओसारखा ऊबदार वाटावा. आता वरचं कापल्यावर उरलं काय? खर्ज आणि खर्जाच्या वरचा, साधारण दोनशे ते चारशे हर्ट्झचा पट्टा. लहान खोली सगळ्यात जास्त बिघडवते ते नेमकं हेच. म्हणजे खोलीनं जिथे गोंधळ घातला आहे तेवढाच भाग तुम्ही श्रोत्यापुढे ठेवता.

मी ज्यांच्या हाताखाली टेपवर काम शिकलो, ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचे: कोरडा आवाज ओला करता येतो, ओला कोरडा करता येत नाही. हल्ली रिव्हर्ब काढून टाकणारे प्लगइन आले आहेत, बोललेल्या आवाजावर ते बऱ्यापैकी चालतातही. पण सतारीच्या किंवा गिटारीच्या आसेवर ते चालवून बघ. खोलीबरोबर वाद्याची आसही जाते.

ज्यांचं नाव तू आदरानं घेतेस त्यांच्याकडेच बघ. जे डिला डेट्रॉइटचा, त्याचं ‘डोनट्स’ २००६ मध्ये आलं. नुजाबेस टोकियोचा. या मंडळींनी जुन्या जाझ आणि सोल रेकॉर्डींमधले तुकडे उचलले. त्या रेकॉर्डी चांगल्या स्टुडिओंत, जाणत्या लोकांनी केलेल्या होत्या. मळ बसला तो नंतर: रेकॉर्डीची खरखर, सॅम्पलरचे मर्यादित बिट, टेपचा दाब. १९८७ साली आलेलं एसपी-१२०० हे सॅम्पलर १२ बिटांचं होतं आणि सेकंदाला सुमारे २६ हजारच नमुने घ्यायचं. त्याचा तो खरबरीत ठोका लोकांना आवडला, कारण त्याच्याखाली मूळ वादन नीट पकडलेलं होतं. मळ कुठला आणि किती, हे त्यांनी निवडलं. खोली तो मळ आपल्याला न विचारता लावते.

घरी काम होत नाही असं मात्र समजू नकोस. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम १९८२ साली निघाला, तो न्यू जर्सीतल्या त्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, साध्या डायनॅमिक माइकवर रेकॉर्ड झालेला आहे. पुढे बँडबरोबर तीच गाणी करून पाहिली, पण शेवटी घरची कॅसेटच बाजारात गेली. तो ऐकशील तेव्हा गायकाचं तोंड माइकच्या किती जवळ आहे याकडे लक्ष दे.

आता खर्जाकडे येऊ. माझं निम्मं बोलणं यावरच आहे.

प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही स्वर असतात. दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट लांबीची लाट त्या दोन भिंतींत नेमकी बसते आणि तो स्वर फुगतो. हिशेब सोपा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर, त्याला खोलीच्या दुप्पट लांबीनं भाग. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर आलं ५६ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या दुप्पट ११३ला पुन्हा फुगवटा. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये कुठेतरी, खालच्या सप्तकांत. तुझी खोली लांबीला दहा, रुंदीला दहा आणि उंचीला साडेनऊ फूट. तिन्ही बाजू जवळजवळ सारख्या, त्यामुळे तिन्हींचे फुगवटे एकाच जागी येऊन साचतात. खोली दहा बाय चौदा असती तर ते वेगवेगळ्या स्वरांवर वाटले गेले असते. आवाजासाठी चौकोनी ठोकळ्यासारखी खोली सगळ्यात वाईट, आणि आपल्या बिल्डरांना तीच सगळ्यात प्रिय.

हे कागदावर समजून उपयोग नाही, कानानं बघ. कीबोर्डवर साधा साइन वेव्हचा आवाज लाव आणि स्पीकरचा आवाज न बदलता खालून वर एकेक पट्टी वाजवत जा. काही स्वर अंगावर येतील, काही जवळजवळ गायब होतील. कीबोर्डनं सगळे स्वर सारख्याच ताकदीनं दिले आहेत, फरक खोलीनं केलाय. मग फुगणारा एक स्वर तसाच चालू ठेव आणि खोलीत हळूहळू फिर. भिंतीला कान लावलास तर तो दणदणेल, कोपऱ्यात सगळ्यात जास्त. खोलीच्या मध्यावर आलीस की ५६ हर्ट्झचा स्वर एकदम पातळ होईल, आणि ११३चा तिथेच पुन्हा जोरात येईल.

यातच बहुतेक घरगुती मिक्सचं दुखणं आहे. खुर्ची खोलीच्या मध्यावर असते. तिथे खर्ज ऐकू येत नाही, म्हणून पोरं बेस वाढवत जातात. तेच गाणं मित्राच्या गाडीत लावलं की दारं थरथरतात. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असली की उलटा प्रकार, बेस कापला जातो आणि गाणं बाहेर हाडकुळं वाटतं. दोष कानांचा नसतो, खुर्चीच्या जागेचा असतो.

म्हणून बसायची जागा आधी ठरव. जाणकार समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसायला सांगतात. तुझ्या खोलीत ते पावणेचार फूट होतात. तो आकडा म्हणजे सुरुवात, तिथून खुर्ची चार-सहा इंच पुढेमागे सरकवत तोच पट्ट्यांचा खेळ पुन्हा कर आणि स्वर सगळ्यात समान वाटतील तिथे जमिनीवर टेपचा तुकडा चिकटव. यासाठी पलंग हलवावा लागेल. ताईशी मी बोलतो, ती तुला नाही म्हणेल, मला म्हणणार नाही.

दोन्ही स्पीकर समोरच्या भिंतीशी सारख्या अंतरावर, तुझ्या डोक्याशी समभुज त्रिकोण होईल असे ठेव, आणि ट्विटर कानाच्या उंचीवर. एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला उघडी खिडकी अशी मांडणी टाळ, नाहीतर डावा-उजवा तोल कधीच खरा कळत नाही. एवढ्याशा खोलीत स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणण्यापेक्षा भिंतीच्या जवळच बरे. पुढे आणले तर भिंतीवरून परतलेला आवाज सव्वाशे हर्ट्झच्या आसपास मूळ आवाज खाऊन टाकतो, आणि तो खड्डा कुठल्याच ईक्यूनं भरत नाही.

तू जे व्हिडिओ बघतेस त्यात सांगितलेलं सगळं आपल्याकडे लागू पडत नाही, हेही सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुतेक लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या खर्जाबरोबर स्वतः हलतात, थोडा खर्ज पिऊन टाकतात, थोडा पलीकडे जाऊ देतात. आपल्या विटांच्या आणि आरसीसीच्या भिंती हलत नाहीत. सगळा खर्ज आतच राहतो. त्यात खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर सपाट स्लॅब. त्यांच्याकडे चार फोमचे तुकडे लावून काम भागतं, तुझं भागणार नाही. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळवदाखाली, मातीच्या भिंती आणि लाकडी तुळयांच्या खोलीत तबला वाजवून बघ, डग्गा किती स्वच्छ येतो. कोकणातल्या तुझ्या आजोळच्या माजघरातही तेच. सुट्टीत तिकडे गेलीस तर माइक बरोबर ने.

बाजारातला तो इंचभर जाडीचा, टोकदार नक्षीचा फोम मात्र घेऊ नकोस. ध्वनी शोषायला जाडी लागते. एखाद्या स्वराच्या लाटेच्या चौथ्या भागाइतकी जाडी असेल तर तो स्वर नीट शोषला जातो. हजार हर्ट्झची लाट सुमारे ३४ सेंटिमीटरची, तिचा चौथा भाग साडेआठ सेंटिमीटर. शंभर हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची. आता इंचभर फोम कुठवर पुरेल, तूच सांग. तो वरची चमक काढून घेतो आणि घुमणारा खालचा भाग जसाच्या तसा ठेवतो. शिवाय साधा फोम भसकन पेटतो. अंड्यांच्या ट्रेंनी काहीही होत नाही. थर्माकोलनं तर नाहीच, त्यात हवा शिरायला वाटच नसते.

घरात आहे ते आधी वापर. आजीनं शिवलेल्या जुन्या लुगड्यांच्या दोन जाड गोधड्या आहेत ना? एक पडद्याच्या दांड्यावर टांग, पण भिंतीला चिकटवून नको, चार इंच पुढे. मागे सोडलेली हवेची जागाही काम करते, गोधडी तिच्या जाडीपेक्षा खालच्या स्वरांपर्यंत पोचते. कुठे टांगायची ते आरसा सांगेल. तू खुर्चीत बस, भावाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांग. ज्या जागी तुला आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज उसळून तुझ्या कानावर येतो. दोन्ही भिंतींवर ती जागा झाक. जमलं तर डोक्यावरच्या स्लॅबवरही.

खर्जासाठी गाद्या. माळ्यावर पडलेली कापसाची जुनी चार इंची गादी काढ, ऊन दे आणि कोपऱ्यात तिरकी उभी कर. कोपऱ्यात सगळे फुगवटे एकत्र येतात म्हणून तिथे घातलेला कापूस सगळ्यात जास्त कामाला येतो. खर्जाचा पुरा बंदोबस्त यानं होत नाही, पण घुमारा कमी झालेला टाळीला नाही तरी डग्ग्याला कळतो.

गाद्यांना हसू नकोस, या शास्त्राची सुरुवातच गाद्यांपासून झाली आहे. १८९५ साली हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यान-दालनात बोललेलं कळेना, शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, दालनात मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. सकाळी गाद्या परत जागेवर. त्यातून त्यानं सूत्र काढलं: खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, ०.१६नं गुणा, आणि शोषणाऱ्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरनी भागा, घुमण्याचे सेकंद मिळतात. १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल याच हिशेबावर उभं राहिलं. तुझी खोली २७ घनमीटरची. घुमणं ०.३ सेकंदावर आणायचं तर साधारण चौदा चौरस मीटर पूर्ण शोषणारा पृष्ठभाग हवा, म्हणजे दीडशे चौरस फूट. पलंगावरची गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, हे सगळं त्यात धर. दोन फोमच्या पाकिटांत हे बसत नाही, हे आकड्यावरूनच दिसतं.

पुढे कधी पैसे जमले तर रॉकवूल. घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेच्या दोन इंची स्लॅब इन्सुलेशनवाल्यांकडे मिळतात. सुताराकडून साध्या चौकटी करून घे, दोन स्लॅब एकावर एक ठेवून चार इंच जाडी कर, वर सुती कापड ताण. कापडातून तोंडानं फुंकर आरपार जात असेल तर ते कापड चालेल. कापताना मास्क आणि हातमोजे घालायचेच, ते धागे त्वचेला आणि घशाला फार टोचतात. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला काहीही चिकटवून ठेवू नकोस. मुंबईच्या बाजूला जुलैत भिंती ओल धरतात, गादीला मागून बुरशी लागते आणि ती श्वासात जाते. मधे हवा खेळू दे, ऊन पडलं की गाद्या गच्चीत टाक.

रेकॉर्डिंगच्या वेळी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंतर. माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलंस की तुझा आवाज खोलीच्या तुलनेत सहा डेसिबलनं पुढे येतो. एक वीत, त्याहून कमीच. इतक्या जवळ कार्डिऑइड माइक खर्ज फुगवतो. लो-फायला ती ऊब शोभते, फार झाली तर ऐंशी हर्ट्झच्या खालचं काप. प आणि फ चे फुत्कार टाळायला माइक तोंडाच्या समोर न ठेवता थोडा बाजूला तिरका धर.

आणि एक गोष्ट बहुतेक लोक उलटी करतात. माइकच्या मागे ढाली लावतात. कार्डिऑइड माइक पाठीमागचं मुळात कमी ऐकतो. तो बघतो तुझ्याकडे, म्हणून तुझ्या पाठीमागे जे आहे ते तो ऐकतो. साड्यांनी भरलेलं कपाट उघड आणि त्याला पाठ करून गा. माइकची पाठ खिडकीकडे किंवा फ्रिजच्या बाजूला येऊ दे. मोठा कंडेन्सर या खोलीत नको, तो शेजारच्या बिऱ्हाडातला कुकरही टिपेल. साधा डायनॅमिक पुरे.

गोधड्यांनी खोलीतला घुमारा जातो, बाहेरचा आवाज थांबत नाही. त्यासाठी वजन आणि बंद फटी लागतात, ते भाड्याच्या घरात जमत नाही. दाराखालच्या फटीत चादर गुंडाळून ठेव आणि रात्री उशिरा किंवा पहाटे काम कर. वीज ५० हर्ट्झची, म्हणून तारांची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर येते. चार्जर काढून बघ.

पावसाचा, रेल्वेचा, चहाच्या टपरीचा आवाज तुला गाण्यात हवा असतो. जरूर घे, तो आपल्या गावाचा आवाज आहे आणि परदेशी सॅम्पल-पॅकमधल्या पावसापेक्षा पत्र्यावर पडणारा आपला पाऊस कितीतरी चांगला. पण तो वेगळा रेकॉर्ड कर आणि स्वतःच्या ट्रॅकवर ठेव. गाण्याच्या आवाजात एकदा मिसळला की तो कुठे सुरू व्हावा आणि कुठे थांबावा हे तुझ्या हातात राहत नाही.

रिव्हर्बचंही तसंच. १९४७ साली शिकागोत बिल पटनमनं हार्मोनिकॅट्सच्या ‘पेग ओ’ माय हार्ट’साठी स्टुडिओच्या स्वच्छतागृहातला घुमारा वापरला होता. तुझ्या घरी टाइल्सचं न्हाणीघर आहे, इमारतीला सहा मजल्यांचा जिना आहे. कोरडा आवाज छोट्या स्पीकरवर तिथे वाजव, दुसऱ्या टोकाला माइक ठेवून पुन्हा पकड, आणि हवा तेवढाच मूळ आवाजात मिसळ. असा रिव्हर्ब दुसऱ्या कोणाकडे नसेल.

मिक्स करताना आवाज लहान ठेव. लहान आवाजात खोली कमी उठते, कानही थकत नाहीत. मात्र लहान आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. म्हणून आवडतं एखादं गाणं त्याच आवाजात शेजारी लावून तुलना करत जा. खर्जाचा शेवटचा निर्णय हेडफोनवर घे, त्यात खोली नसते. मग फोनच्या स्पीकरवर, एकदा मोनोमध्ये.

आज पलंग आहे तिथेच असू दे आणि एक कडवं रेकॉर्ड कर. पलंग, खुर्ची आणि गोधड्या लावून झाल्या की त्याच माइकवर, तेवढ्याच अंतरावरून तेच कडवं पुन्हा कर. दोन्ही फायली मला पाठव, कॉम्प्रेसर न लावता. माइक कुठला घ्यायचा ते त्या ऐकल्यावर ठरवू.